कावीळ दिसण्याआधी

यकृताचा आजार म्हटला की आपण आधी डोळ्यांचा पिवळेपणा पाहतो. तो उतरला की माणूस बरा झाला असे घरचे धरून चालतात, आणि श्रेय कावीळ उतरवणाऱ्या माळेला किंवा झाडपाल्याला जाते. हिपॅटायटिस बी आणि सीच्या बाबतीत हा हिशेब मुळातच चुकतो. हे विषाणू जिवंत पेशीतली नियंत्रणे काढून घेतात, आणि हे काम कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून त्यांच्याविरुद्ध केव्हा उभे राहायचे हे लक्षणांवरून ठरवणे म्हणजे उशीर करणेच आहे.

हिपॅटायटिस बीचा जनुकसंच जेमतेम ३,२०० अक्षरांचा. पेशीच्या केंद्रकात तो डीएनएच्या छोट्या वर्तुळाच्या रूपात ठाण मांडतो. पेशीकडे यावर उपाय असतो. एसएमसी ५/६ नावाचा प्रथिनसमूह एरवी गुणसूत्रांची निगा राखतो, डीएनएच्या दुरुस्तीत हातभार लावतो. तोच या परक्या वर्तुळाला पकडून गप्प बसवतो. मग विषाणूचे एक्स प्रथिन पुढे येते. पेशी आपली नकोशी प्रथिने खूण करून मोडीत काढते. एक्स प्रथिन डीडीबी १ या प्रथिनाच्या मदतीने ती खूण एसएमसी ५/६ वरच करवून घेते. मालकाच्याच सहीने रखवालदाराला कामावरून काढावे, तसा हा प्रकार. २०१६ साली हे उलगडले. त्याचा पुरावाही नेमका आहे: एक्स प्रथिन नसलेल्या विषाणूची जनुके थंड पडतात, पण पेशीतून एसएमसी ५/६ काढून टाकले की तीच जनुके पुन्हा कामाला लागतात. हिपॅटायटिस सीची रीत वेगळी. त्याचे कात्रीसारखे एक प्रथिन मायटोकाँड्रियावरचे एमएव्हीएस हे प्रथिन कापते, आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनांना हाक देणारी साखळी तिथेच तुटते. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये या विषाणूचे दुसरे एक प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाचाही नाश घडवते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. हिपॅटायटिस बी स्वतः पेशी फारशा मारत नाही. यकृत पोळते ते शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने, आणि त्या दीर्घ दाहातून सिरोसिस (यकृतावर वण पडून ते कडक होणे) व कर्करोग होतो. मग नियामक प्रथिनांना इतके महत्त्व का द्यावे? दाहाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. एकट्या दाहाने याचा उलगडा होत नाही. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत घुसतो, तोही एक धागा आहे. एक्स प्रथिनाचा कर्करोगातला नेमका वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. तरी या कारणांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही. दाहामुळे यकृताच्या पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते. प्रत्येक विभाजनात चुकांची शक्यता असते, आणि चूक पकडणारी यंत्रणाच दुबळी झालेली असेल तर ती पुढच्या पेशीत उतरते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: बहुतेक बाधितांना कर्करोग होतच नाही, मग सर्वांमागे का लागायचे? कारण धोका काळानुसार साचतो. प्रौढपणी झालेला हिपॅटायटिस बी बहुधा शरीर स्वतःच परतवते. जन्माच्या वेळी झालेला मात्र सुमारे दहांतील नऊ बाळांत कायमचा मुक्काम करतो. उपचारांचा अनुभवही हेच सांगतो. टेनोफोविरसारखी औषधे विषाणूच्या नव्या प्रती थोपवतात, पण केंद्रकातले वर्तुळ आणि त्यातून होणारे एक्स प्रथिन त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. हिपॅटायटिस सी आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरांतील पंचाण्णवहून अधिक रुग्णांत बरा होतो. पण ज्यांना तोवर सिरोसिस झालेला असतो, त्यांचा कर्करोगाचा धोका घटला तरी संपत नाही. विषाणू जातो, त्याने ओढवलेली पडझड मागे उरते.

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग ठळकपणे कमी झाला. भारतातही ही लस सार्वत्रिक लसीकरणात आहे, आणि जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो. घरी झालेल्या बाळंतपणात तो सहज हुकतो. गरोदरपणातली तपासणी, वेळेवरचा तो डोस आणि ठणठणीत दिसणाऱ्या प्रौढाची रक्तचाचणी ही कामे वरकरणी किरकोळ वाटतात, पण पेशीतली नियंत्रणे अजून शाबूत असताना हस्तक्षेप करण्याची संधी फक्त तीच देतात. आरोग्यव्यवस्थेने आपले यश बऱ्या झालेल्या काविळींवरून मोजण्याऐवजी टळलेल्या संसर्गांवरून मोजायला हवे.