अम्लाने शुद्ध काय होते?

शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण नित्याच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरतो, आणि बहुधा त्याने काही बिघडत नाही. परंतु देवळाची उपकरणी घासावयास बसले की या दोन शब्दांतील अंतर जाणवू लागते. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातील कित्येक घरांत व देवळांत आता चिंचेच्या कोळाची आणि लिंबाच्या सालींची जागा एका पांढऱ्या खड्यांच्या पुडीने घेतली आहे. वाणी तिला लिंबूसत्त्व म्हणतो. रसायनशास्त्रात तिचे नाव सायट्रिक आम्ल. ही पूड देवाच्या भांड्यांना चालते का, असे वडीलधारी मंडळी विचारतात आणि तरुण मंडळी तो प्रश्न हसण्यावारी नेतात. आम्हांला तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. मात्र तो जेथे विचारला जातो तेथे त्याचे उत्तर सोपे आहे, आणि जेथे विचारला जात नाही तेथे अवघड आहे.

धातू आंबटाने घासणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आला आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी क्षार, अम्ल आणि पाणी यांनी यथायोग्य करावी, असे तेथे सांगितले आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ही स्मृती वाचली नसेल, पण राख हा क्षार आणि चिंच हे अम्ल त्यांच्या न्हाणीघराच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी असे. घाटावर चिंच, शेजारच्या कानडी घरात तीच हुणसे, आणि घाटाखाली कोकणीत जिला भिरंड म्हणतात तिची सोलां. पदार्थ निराळे, काम एकच. तांब्यावर हवेने जो काळपट थर चढतो तो तांब्याचे ऑक्साइड होय. आम्लात तो विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबाच्या रसात शेकडा ५ ते ६ या प्रमाणात सायट्रिक, आणि कोकमात त्याचेच जवळचे भावंड. तेव्हा पुडीतील द्रव्य देवघराला परके नाही.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्याला काही चिकटलेले नाही असे सोन्याचे भांडे, पाण्यात जन्मणारे शंख-मोत्यांसारखे पदार्थ, दगडाच्या वस्तू आणि नक्षी नसलेले रुपे, ही केवळ पाण्याने शुद्ध होतात, असे तेथे म्हटले आहे. शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा पदार्थ. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवला की बुडबुडे येतात. पाहणाऱ्याला वाटते की मळ निघतो आहे. वस्तुतः शंखच विरघळत असतो. गाभाऱ्यातील संगमरवराची आणि सभामंडपातील शहाबादी फरशीची तीच गत. एकदा गेलेली तिची झिलई पुन्हा येत नाही. रुप्याचा काळेपणा गंधकामुळे येतो, त्यावर या आम्लाचा फारसा उपाय चालत नाही. स्मृतिकारांना रसायनशास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही, असले दावे अलीकडे फार स्वस्त झाले आहेत. परंतु प्रत्येक वस्तूची शुद्धी तिच्या स्वभावाप्रमाणे करावी, सर्वांना एकच पूड लावू नये, हे तारतम्य त्यांच्यापाशी होते एवढे निश्चित.

आता नावाविषयी. या पुडीच्या वेष्टनावर पुष्कळदा ‘नैसर्गिक’ असे छापलेले असते आणि शेजारी रसरशीत लिंबाचे चित्र. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७८४ साली लिंबाच्या रसातूनच हे आम्ल प्रथम वेगळे केले, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे इटलीतील लिंबांपासून ते बनत असे. पण १९१७ साली करी या अमेरिकन संशोधकाने एका काळ्या बुरशीकडून साखरेचे सायट्रिक आम्ल भरपूर प्रमाणात करून घेता येते हे दाखविले, आणि तेव्हापासून लिंबाचा या धंद्याशी संबंध जवळजवळ संपला. कांदा सोलताना वरच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते ती सामान्यतः हीच बुरशी. तिला खाद्य म्हणून साखर किंवा साखर कारखान्यातील मळीही चालते. संकेश्वरच्या हिरण्यकेशीपासून आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे मळी म्हणजे काय ते येथील वाचकांस सांगावयास नको. मळ काढणारे द्रव्य मळीपासून निघावे हा भाषेचा मोठा गमतीदार योग आहे.

मग बुरशीपासून झालेले द्रव्य सोवळ्यात कसे चालावे? ज्या पंचामृताने देवाला स्नान घालतो त्यातील दही जिवाणूंनीच लाविलेले असते, आणि मध माशांच्या पोटातून आलेला असतो. उत्पत्तीच्या स्थानावरून वस्तू अशुद्ध ठरत नाही, हे आपल्या आचारानेच मान्य केलेले आहे. आमची हरकत बुरशीला नाही, लिंबाच्या चित्राला आहे. वस्तू निर्दोष असून तिची जाहिरात असत्य असू शकते, आणि शुचितेचा जेथे प्रश्न आहे तेथे हे असत्य क्षुल्लक मानता येणार नाही.

चकाकीच्या हौसेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. आम्ल काळा थर नेते, आणि तो थर धातूचाच झालेला असतो. प्रत्येक घासणीत देवाच्या अंगाचा काही सूक्ष्म अंश मोरीतून वाहून जातो. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या पंचधातूच्या मूर्तींचे नाक-डोळे पुसट झालेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. समई, ताम्हण, पळी-पंचपात्री झिजली तर नवी आणता येतात. उत्सवमूर्तीचे तसे नाही. मंद, जुनी कांती आणि मळ यांत भेद करता न येणे हा दृष्टीचा दोष आहे, आणि सणाच्या आदल्या दिवशी घाईने घासणाऱ्या हातांत तो दोष बळावतो. मूर्तीला कोमट पाणी व मऊ वस्त्र एवढेच पुरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथपर्यंतचा विचार गाभारा आणि भांडारगृह यांच्यापुरता झाला. जो प्रश्न सहसा विचारला जात नाही तो देवळाच्या मागील बाजूस आहे. यात्रेकरूंसाठी बांधलेली शौचालये तेथे असतात. बोअरच्या जड पाण्याने भांड्यावर पांढरट-पिवळा थर धरतो आणि तो काढावयास हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. त्याची वाफ डोळ्यांत व घशात जाते, थेंब उडाला तर कातडी भाजते. हे काम करणारा मनुष्य बहुधा उघड्या हातांनी ते करतो, आणि तो देवळाच्या पुढच्या दाराने क्वचितच येतो. देवाच्या ताम्हणाला सौम्य लिंबूसत्त्व आणि माणसाच्या फुप्फुसाला जहाल आम्ल, अशी ही वाटणी आहे. ताम्हणाला फुप्फुस नसते. वास्तविक सौम्य आम्लाची खरी गरज मागच्या बाजूस आहे. जड पाण्याचा थर हा शंखाच्याच जातीचा, चुन्याचा. लिंबूसत्त्व त्याला विरघळविते, आणि पुढे मातीत व पाण्यात गेल्यावर जिवाणू त्याचा सहज फडशा पाडतात. फक्त ब्लीचिंग पावडर त्याच्याबरोबर कधीही मिसळू नये. कोणतेही आम्ल तिच्याशी मिळाले की क्लोरिन वायू निघतो.

मनूच्या त्याच अध्यायात सर्व शौचांमध्ये अर्थशौच श्रेष्ठ म्हटले आहे: जो पैशाच्या व्यवहारात शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने झालेला नव्हे. आम्ही सीमाभागातील लोक निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांचे हात पाहत आलो आहोत. कोणत्या पैशामागे कोणाचे हात आहेत हे आम्हांस निराळे शिकविण्याची गरज नाही. तरीही देवळाच्या जमाखर्चाच्या वहीत ‘सफाई’ या शब्दापुढे आकडा असतो, हात नसतात.

येथे व्यवहाराची अडचण आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. जहाल आम्ल पाच मिनिटांत काम करते. लिंबूसत्त्वाचे गरम पाणी ओतून तासभर, जुना थर असेल तर रात्रभर, वाट पाहावी लागते आणि नंतर ब्रशाने घासावे लागते. म्हणजे त्याच माणसाचा अधिक वेळ लागणार, आणि त्या वेळेची मजुरी द्यावी लागणार. पुडीचा खर्च देणगीदार आनंदाने उचलतो. मजुरीची वाढ पंचमंडळींच्या बैठकीत ठेवावी लागते, आणि यात्रेचा खर्च मंजूर करण्याची बैठक ज्या दिवशी असेल त्याच दिवशी ती ठेवावी, असे आम्ही सुचवितो.