जाम झालेला बोल्ट



उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी मिस्सेत संत मत्तयच्या पाचव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे. प्रभू येशू त्याला सांगतो, दान तिथेच राहू दे, आधी जा आणि भावाशी समेट कर. या उताऱ्यावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील त्याची मोजदाद नाही. त्याचा अर्थ मात्र आम्हांला गॅरेजमध्ये उकिडवे बसल्यावर थोडासा उमगला. ज्यांना मोटारसायकलीत रस नाही त्यांनी कृपया पान उलटू नये.

धर्मगुरूनिवासातली शंभर सीसीची जुनी गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेताना तीच आमच्या सोबतीला असते. काही महिन्यांपासून खड्ड्यातून जाताना तिचे मागचे चाक डुलू लागले होते. आम्ही रस्त्याला नावे ठेवली. (ही सवय आपल्या सर्वांनाच आहे.) शेवटी आपल्या धर्मग्रामातल्याच एका मिस्त्रींकडे गाडी नेली. नाव छापायचे नाही असे त्यांनी बजावले आहे. त्यांनी गाडी मेन स्टँडवर लावली, मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले. ‘खट’ असा आवाज आला.

“फादर, चिमट्याचे बुश गेलेत.”

चिमटा म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी फाटा. त्याचे मागचे टोक शॉकअपवर तोललेले असते आणि पुढचे टोक एका लांब आडव्या बोल्टने फ्रेमला जोडलेले असते. खड्डा आला की चिमटा त्या बोल्टभोवती वर-खाली होतो. बोल्ट आणि चिमटा यांच्यामध्ये रबराचे बुश असतात. बुशाच्या पोटात पोलादी नळी असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. बुश बदलायचे तर आधी बोल्ट बाहेर आला पाहिजे.

नट लगेच सुटला. आम्ही खूश झालो. बोल्ट मात्र जागचा हलेना.

आम्ही विचारले, “याचे डोके तर चकचकीत आहे. मग गंज आला कुठून?” मिस्त्री म्हणाले, “डोकं दिसतं म्हणून तुम्ही ते पुसता, फादर. आतलं कोण बघतो?” पावसाचे पाणी, आपल्या किनाऱ्याची खारी हवा आणि दर शनिवारी वेदीसेवक मुले नळी लावून गाडी धुतात ते पाणी, हे सगळे थोडे थोडे आत झिरपत गेले होते. आत ग्रीसचा थेंब नव्हता. गंज ज्या लोखंडातून तयार होतो त्याच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. उघड्यावर तो पापुद्र्यासारखा सुटतो. पण नळीच्या आत त्याला फुगायला जागा नसते, म्हणून तो बोल्टला आणि नळीला घट्ट आवळून टाकतो. दोन वेगळ्या वस्तूंची जणू एकच वस्तू होते.

आणि गाडी चालत होती! याचेच आम्हांला सर्वांत नवल वाटले. बोल्ट नळीत जाम झाला तरी चिमटा हलत राहतो, कारण बाहेरचे रबर पीळ सोसत असते. गाडी चालण्यासाठी बोल्ट सुटायची गरजच नसते. झीज रबराची होते. ते पुरते झिजून चाक डुलू लागते तेव्हा कुठे आपण बोल्टला हात लावतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

आपल्या कितीतरी घरांचे असेच चालले आहे ना? दोन भावांमध्ये अबोला असतो, पण घर चालते. लग्नाची पत्रिका कुणाच्या तरी हातून पाठवली जाते. बिरादरीच्या कामाला दोघेही येतात, वेगवेगळ्या दारांनी. पीळ कोण सोसते? बहुधा त्या घरातली आई, नाहीतर दोन्ही अंगणांत खेळायला जाऊ पाहणारी मुले. बाहेरून सगळे चकचकीत दिसते.

आम्ही मोठी हातोडी उचलली. मिस्त्रींनी ती आमच्या हातून काढून घेतली.

पहिले काम त्यांनी केले ते बोल्टवरचा भार उतरवण्याचे. मागचे चाक काढले, शॉकअप खालून सोडवले, चिमट्याखाली लाकडाचा ठोकळा दिला. चिमटा लोंबकळत असेल तर त्याचे वजन बोल्टवर येते आणि तो आणखी अडकतो. मग तारेच्या ब्रशने दोन्ही टोके घासली, डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून सोडले आणि दुकान बंद केले. “आता?” “आता घरी जा, फादर.” पातळ तेल केसाएवढ्या फटीतूनही आत सरकत जाते, पण आपल्या सवडीने. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेल, संध्याकाळी पुन्हा तेल.

मग त्यांनी बरोबर मापाचा रिंग पान्हा डोक्यावर बसवला. ढिला पान्हा लावला तर डोक्याचे कोपरे झिजतात आणि पुढे धरायलाच काही उरत नाही. बोल्ट मारून काढण्याआधी फिरवून मोकळा करायचा असतो: थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. पान्हा दाबताच बोल्ट पाव फेरा फिरला. आम्ही टाळी वाजवली. मिस्त्रींनी हात सैल केला, तर बोल्ट हळूच होता तिथे परत आला.

“फिरला नाही तो,” ते म्हणाले, “नळी पण त्याच्याबरोबर फिरली. रबर पिळलं गेलं. तुम्हाला वाटलं सुटला.”

इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट कुमसाराच्या खुर्चीतली नाही. उघड, भर चर्चमध्ये घडलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दूरच्या एका धर्मग्रामात असताना, विहिरीच्या पाण्यावरून वितुष्ट आलेले दोन भाऊ आमच्या माहितीत होते. त्यांची आई वारली. तिच्या महिन्याच्या मिस्सेला दोघेही आले. आम्हांला वाटले, हीच वेळ. प्रवचनात हाच मत्तयचा उतारा घेतला आणि दोघांना नावाने पुढे बोलावून वेदीसमोर हात मिळवायला लावले. त्यांनी मिळवले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले, आमच्याही. पंधरा दिवसांत विहिरीच्या पंपाला कुलूप लागले आणि धाकट्याने त्या चर्चची पायरी चढणे सोडले. सर्वांसमोर त्याला कोंडीत पकडले, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. आम्ही त्याचा राग, त्याची बाजू, त्याचे आईविषयीचे दुःख यांपैकी कशाचाही भार आधी उतरवला नव्हता. तेल सोडले नव्हते. थेट हातोडी मारली होती, आणि वर शुभवर्तमानाची! पुढे आमची बदली झाली.

प्रभू ‘जा’ म्हणतो, हे आपण ऐकतो. पण भावाला सर्वांसमोर वेदीपाशी ओढून आण, असे तो म्हणत नाही. दान घेऊन आलेल्यानेच उठून भावाच्या दारी जायचे असते. त्या वाटेला किती दिवस लागतील हेही तो सांगत नाही.

भगिनी राणी मारिया यांची हत्या २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात, बसने इंदूरकडे जात असताना झाली. त्यांची सख्खी बहीण भगिनी सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंह याला राखी बांधली, हे आपण अनेकदा ऐकले आहे. २०१७ साली राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले गेले तेव्हाही ती राखी सर्वांच्या ओठी होती. मधल्या सात वर्षांचा मात्र आपण फारसा विचार करत नाही. राखीच्या आधी स्वामी सदानंद हे धर्मगुरू त्या माणसाला तुरुंगात जाऊन भेटत होते. त्या भेटींचे फोटो कुणी घरात लावत नाही.

पुन्हा गॅरेजकडे वळू. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी अंगणात घेतली, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली, सांडलेले तेल पुसून घेतले आणि चिमट्याच्या त्या भागाला बाहेरून आच दिली. टाकी जागेवर असताना हा उद्योग कुणीही करू नये. बाहेरचे लोखंड तापून पसरते, गार होताना आकसते, आणि गंजाची पकड तडकते. रबर जळून घाण वास सुटला. ते बुश टाकायचेच होते. दोनदा तापवून गार केल्यावर पुन्हा तेल सोडले. मग काढलेला नट त्यांनी बोल्टच्या टोकाला परत बसवला, टोकाच्या पातळीपर्यंत. आम्ही चक्रावलो. “आटे वाचतात,” ते म्हणाले. त्यावर पितळेचा दांडा धरला आणि हातोडीचे मोजके ठोके मारले. बोल्ट दोन सूत सरकला. लगेच पलीकडून ठोकून त्यांनी तो उलट मागे नेला! तेल, पुढे, तेल, मागे. तासाभराने काळा-तांबडा बोल्ट त्यांच्या हातात आला.

“आणि नसता आला तर?”

“चिमटा आणि फ्रेमच्या मध्ये ब्लेड घालून कापला असता. बोल्ट गेला तर बाजारात दुसरा मिळतो. फ्रेम वाकली तर गाडी गेली.”

भांडणात आपण नेमके काय वाचवायला धडपडतो? बहुतेक वेळा आपला बोल्ट, म्हणजे ‘माझेच बरोबर होते’ हे एक वाक्य. ते कापले गेले तरी घर उभे राहते. उलट मात्र होत नाही. तरीही एक सांगितले पाहिजे. जिथे मारहाण आहे, दारू पिऊन छळ आहे, तिथे ‘तेल सोडा, वाट पाहा’ असे आम्ही कुणाही भगिनीला सांगणार नाही. तिने आधी सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

नवे बुश, नवा बोल्ट, त्यावर ग्रीसचा पातळ हात. शेवटचा नट मिस्त्रींनी गाडी चाकांवर उभी करून, आम्हांला वर बसवून आवळला. चिमटा लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते. दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, बोल्ट एकदा काढून ग्रीस लावायचे, असे त्यांनी आमच्याकडून कबूल करून घेतले आहे.

जुना बोल्ट कार्यालयातील टेबलावर कागद दाबायला ठेवला आहे. थोरला भाऊ आता हयात नाही. मागच्या आठवड्यात आम्ही त्याच गाडीवरून धाकट्याच्या घरी गेलो. त्याने ओळखले, बसायला सांगितले, चहा दिला. अर्धा तास केळी, पाऊस आणि नातीची दहावी यांवर बोलणे झाले. त्या मिस्सेचा विषय त्यानेही काढला नाही, आम्हीही काढला नाही. पास्काचा सण झाला की पुन्हा जाणार आहोत.