पावसाळी रंग आणि दिलेला शब्द



पहिला दमदार पाऊस झाला की पनवेल-उरणकडच्या शेतांत साचलेल्या पाण्यात मोठे बेडूक गोळा होतात. एरवी मातकट हिरवा दिसणारा नर या दिवसांत पिवळाधमक होतो. ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात. मादीचा रंग मात्र बदलत नाही. मोराचा पिसाराही पावसाळा सरता सरता गळून जातो. हा सारा थाट मादीने आपल्याला निवडावे म्हणून असतो. माद्यांच्या पसंतीमुळेच पिढ्यान्‌पिढ्या नर असे देखणे होत गेले, हा विचार चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली सविस्तर मांडला.

'निसर्गाकडून शिका' असे आपण मुलांना सांगतो आणि सुगरणीचे उदाहरण देतो. शब्द स्त्रीलिंगी असला तरी घरटे विणतो तो नर! विणीच्या हंगामात त्याचे डोके पिवळेजर्द होते. पात्यांच्या बारीक पट्ट्या काढून तो शिंदीच्या नाहीतर बाभळीच्या झाडावर अर्धे घरटे विणतो. माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले, की तो उरलेले काम पूर्ण करतो.

पुढची गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. मादी अंड्यांवर बसली, की तो बहुधा दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो. पिल्ले वाढवण्याचे कष्ट मुख्यतः तिच्याच वाट्याला येतात.

मग तो पक्षी वाईट म्हणायचा का? नाही. त्याने कुणाला शब्द दिलेला नव्हता. पण त्याचा दाखला देऊन 'पुरुषाची जातच अशी' म्हणत कुणी जबाबदारी झटकू लागला, तर ते कसे मान्य करावे? त्याच निसर्गात राखी धनेशही आहे. त्याचे नर-मादी दोघेही साध्या राखाडी रंगाचे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे एका फटीतून तिला भरवत राहतो. म्हणजे निसर्गात दोन्ही बाजूंचे साक्षीदार सापडतात. दोघेही उपजत प्रेरणेने वागतात. आपण कसे वागावे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

लग्न जमवताना आपणही रूप पाहतो, पगार विचारतो, घर स्वतःचे की भाड्याचे याची चौकशी करतो. त्यात गैर काही नाही. आवडल्याशिवाय कुणी कुणाजवळ येत नाही. पण वेदीपुढे वधू-वर जे वचन देतात, त्यात रूप, पगार किंवा घर यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देईन, एवढेच ते म्हणतात. नोकरी जाते, केस पिकतात, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळते. रंग उतरल्यावर दिलेला शब्दच उरतो, आणि तो रोज पाळावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी घरात स्थळाची बोलणी निघाली, तर चौकशीत एक प्रश्न जरूर घालावा: घरच्यांच्या अडचणीच्या दिवसांत हा मुलगा, ही मुलगी कशी वागली? आणि ज्यांच्या लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत, त्यांनी हाच प्रश्न आज स्वतःला विचारून पाहावा.