हात गालाकडे का जातो

शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाण्याला मराठीत शेजारधर्म म्हणतात. सौजन्य नाही, उपकार नाही, थेट धर्म. शब्द इतका रुळला आहे की त्याचं वजन जाणवेनासं झालंय. ते पुन्हा जाणवायला हवं असेल, तर रात्री दीड वाजता दाढ ठणकू लागलेल्या माणसाचा विचार करावा. सोसायटीच्या तळमजल्यावरच दातांचा दवाखाना आहे, पण शटर खाली ओढलेलं आहे आणि पाटीवर लिहिलंय: सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ९, रविवारी बंद. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून झाला, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. आडवं पडलं की ठणका वाढतो, म्हणून तो पाठीशी उशा रचून बसून आहे. भिंतीपलीकडे झोपलेला माणूस या दाढेचं काही देणं लागतो का? माझ्या मते लागतो. आपल्या परंपरेतले जे विचार या उत्तराच्या आड येतात असं वाटतं, तेच नीट पाहिले तर त्याच्या बाजूने उभे राहतात.

पहिला विचार तितिक्षेचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सुखदुःखं येतात आणि जातात, म्हणून ती सोसावीत असं सांगितलं आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तर प्रतिकार, चिंता आणि विलाप न करता दुःख सहन करणं हीच तितिक्षेची व्याख्या आहे. मग दाढदुखीवाल्याने सकाळपर्यंत सोसावं, हे शास्त्राला धरूनच झालं की! पण ही व्याख्या कुणासाठी आहे ते पाहायला हवं. मोक्षाची तळमळ लागलेल्या साधकाने स्वतःहून अंगी बाणवायचा तो गुण आहे. स्वतःच्या दाढेबाबत तितिक्षा धरणं ही साधना. शेजाऱ्याच्या दाढेबाबत ती धरणं याला दुसरं नाव आहे, आणि ते गुणांच्या यादीत सापडत नाही. बुद्धाच्या दोन बाणांच्या दृष्टान्ताचंही तसंच. वेदना हा पहिला बाण आणि तिच्यापायी मनाने केलेला आकांत हा दुसरा, हे खरं. पण दुसरा टाळता येतो म्हणून पहिला रुतलेलाच राहू द्या, असं बुद्ध सांगत नाही. बाण कुणी मारला, कुठल्या धनुष्याने मारला, हे कळेपर्यंत तो काढू न देणाऱ्या माणसाचा अडाणीपणा त्यानेच दाखवून दिला आहे.

शिवाय दाढेचं दुखणं 'येणाऱ्या-जाणाऱ्या' दुखण्यांत बसत नाही. दाताच्या पोटात नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. अंगावर दुसरीकडे सूज आली तर भोवतालचं मांस तिला जागा देतं. इथे चहूबाजूंनी टणक भिंत. कीड गाभ्यापर्यंत पोचली की सूज आतल्या आत कोंडते आणि दाब नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्र वैऱ्याची ठरते. नुसत्या अँटिबायोटिकने हा ठणका थांबत नाही. दात उघडून आतला कोंडमारा मोकळा करावा लागतो, नाहीतर दात काढावा लागतो. कधीकधी ठणका अचानक थांबतो आणि घरातले सुटकेचा श्वास टाकतात. तेव्हा बहुतेकदा नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरायला लागलेला असतो. इथे सोसण्याने दुखणं संपत नाही, नुसतं खाली उतरतं.

कर्मवादाचा आक्षेपही घेतला जातो: ज्याचे भोग त्याने भोगावेत. चरकसंहितेने याचा विचार फार पूर्वी केला आहे. सगळ्यांचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं तर औषधोपचारांना अर्थच उरला नसता, असा तिचा युक्तिवाद आहे. माणसाच्या तीन एषणा सांगतानाही तिने प्राणैषणा पहिली ठेवली आणि परलोकाची शेवटी. उपचार करणाऱ्याचा हातही कर्माच्याच जगातला आहे, तो बाहेरून येऊन कुणाचा हिशेब बिघडवत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. दुसऱ्याची दाढ मला दुखत नाही. मग ती दुखते हे मला कळतं तरी कसं? दर्शनशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. सातव्या शतकात धर्मकीर्तीने दुसऱ्याचं मन सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९३० च्या दशकात विट्गेन्स्टाइन केंब्रिजमध्ये हाच गुंता सोडवताना पुन्हा पुन्हा दातदुखीचंच उदाहरण घेत होता. मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते शांतिदेवाचं बोधिचर्यावतारातलं म्हणणं. पायाचं दुःख हाताला होत नाही, तरी हात पायाला का जपतो, असं तो विचारतो. दाढ दुखणाऱ्याकडे नुसतं पाहावं. बोलत असो, चालत असो, त्याचा तळहात आपसूक गालावर जाऊन बसलेला असतो. हाताला दाढेचं काही कळत नाही, त्याने पुरावा मागितलेला नसतो. दुःख कुणाचं आहे हे न विचारता, ते दुःख आहे म्हणूनच दूर करावं, असं शांतिदेव सांगतो.

हात आणि दाढ एकाच देहाचे, शेजारी निराळा, असं यावर कुणीही म्हणेल. शांतिदेवाने त्यालाही उत्तर दिलं आहे: आईबापांकडून आलेल्या थेंबांपासून घडलेल्या या देहाला आपण केवळ सवयीने 'मी' म्हणतो, तीच सवय दुसऱ्याच्या देहापर्यंत नेता येते. मला हे पूर्ण पटतं असं नाही, नसांचं जाळं सवयीने विणलं जात नाही. पण शेजार मात्र खरोखरच सवयीने घडतो. एक जिना, एक पाण्याची टाकी, भिंतीतून ऐकू येणारा खोकला, यातूनच परका माणूस 'बाजूचे काका' होतो.

आता डॉक्टरची बाजू. वर राहणाऱ्या दंतवैद्याने खाली येऊन शटर उघडावं, एवढाच शेजारधर्माचा अर्थ केला तर तो त्याच्यावर अन्याय होईल. दिवसभर वाकून काम केलेला तो माणूस आहे. रात्री मदतनीस नसतो. निर्जंतुक हत्यारं तयार असतील असं नाही. एकट्या डॉक्टरबाईंनी अनोळखी माणसासाठी दार उघडणं धोक्याचंही असू शकतं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांमुळे महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. म्हणून हा धर्म एकाच्या खांद्यावर टाकायचा नाही, तो वाटून घ्यायचा. जर्मनीत दंतवैद्य सुट्टीच्या दिवसांची तातडीची सेवा पाळीपाळीने देतात. आपल्याकडे एका पेठेत, एका उपनगरात डझनभर दवाखाने असताना रविवारी एकाने उघडं राहावं, आणि बाकीच्यांच्या शटरवर त्याचा नंबर असावा, हे काही अवघड नाही.

आणि ज्याला दातांतलं काही कळत नाही, त्या शेजाऱ्याच्या वाट्यालाही काम उरतंच. जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळता न येणं, श्वास अडकणं, यातलं काही दिसलं तर दवाखान्याचं शटर न वाजवता थेट मोठं इस्पितळ गाठायचं. दाढेतून जबड्याखाली पसरणाऱ्या अशाच घातक संसर्गाचं वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये केलं. त्यात श्वासनलिकेची वाट बंद होऊ शकते. 'दातच तर दुखतोय' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

उलट कधीकधी सगळं हाती असतं ते जवळच्या माणसाच्याच. खालच्या अंगणात क्रिकेट खेळताना दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळतो. तो दात मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. घासायचा नाही, पुसायचा नाही, कागदात गुंडाळायचा नाही. लगेच जागेवर बसवता आला नाही तर दुधात टाकून तासाभराच्या आत, जमेल तितक्या लवकर, दंतवैद्याकडे पोचायचं. दात पुन्हा धरेल की नाही हे त्या मिनिटांवर ठरतं. मुलाची आई ऑफिसात आहे, बाप गाडीत आहे. वाटीभर दूध तळमजल्यावरच्या घरात आहे.