रांग कोणी लावायची?

वडील पोस्टात होते. बटवड्याला निघण्याआधी ते टेबलावर टपाल पसरून स्वतःच्या क्रमाने लावत. सॉर्टरने ते एकदा लावून दिलेलं असे; वडील तो क्रम मोडत आणि पुन्हा लावत. कोणत्या गल्लीत गटार खणलंय, कोणत्या वाड्याचं दार दुपारपर्यंत उघडत नाही, हे सॉर्टरला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पुढे माझी उमेदीची वर्षं स्टोरेज ड्रायव्हर लिहिण्यात गेली, तेव्हा ते टेबल अनेकदा आठवलं.

फिरत्या डिस्कचं दुखणं साधं आहे. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवा तो भाग वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली यायला सरासरी चार, आणि हेड सरकवायचा वेळ वेगळाच. प्रोसेसरसाठी एवढ्यात एक युग उलटतं. म्हणून मागण्या आल्या तशा न पाठवता थोड्या साठवायच्या, शेजारच्या एकमेकींना जोडायच्या, आणि लिफ्ट एका दिशेने मजले घेत जाते तशा सोडायच्या. लिनक्समध्ये रांग लावणाऱ्या या भागाचं, म्हणजे शेड्यूलरचं, नावच एलेव्हेटर. पण नुसत्या लिफ्टच्या न्यायाने लांबच्या मागणीची उपासमार होते. जेन्स अक्सबो यांच्या डेडलाइन शेड्यूलरने वाचनाला अर्ध्या सेकंदाची आणि लेखनाला पाच सेकंदांची मुदत घातली. या दोन आकड्यांमधली तफावत मला फार आवडते. वाचणारा प्रोग्राम उत्तर येईपर्यंत अडून बसतो. लिहिणारा आपला मजकूर कॅशच्या हवाली करून केव्हाच पुढे गेलेला असतो.

त्याहून गंमत आहे ती न धावण्यात. एक प्रोग्राम तुकडा वाचतो, त्यावर क्षणभर काम करतो आणि लगेच शेजारचा मागतो. त्या क्षणभरात डिस्कला रिकामी समजून दुसऱ्याच्या कामासाठी दूर पाठवलं, की दोघांचंही नुकसान. २००१ मध्ये सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी दाखवून दिलं की अशा वेळी काही मिलिसेकंद हात बांधून बसलं तर एकूण काम जास्त होतं. सीएफक्यू या शेड्यूलरनेही तेच केलं. तो पुढच्या मागणीची आठ मिलिसेकंदांपर्यंत वाट पाही.

आता या डिस्कवर थर चढवा. खाली अनेक डिस्कची एक करणारं रेड, त्यावर तिचे हवे तसे भाग पाडणारं एलव्हीएम, त्यावर व्हर्च्युअल मशीन, तिच्या पोटात पुन्हा एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम. प्रत्येक थर खालच्याला ‘डिस्क’ म्हणतो. ड्रायव्हर एकमेकांवर रचता येतात ते याच सोयीच्या खोटेपणामुळे, आणि आमची अनेक दुखणीही त्यातूनच आली.

सीएफक्यू सर्रास असण्याच्या काळात एका ग्राहकाकडून तक्रार आली: रात्रीचं काम सकाळपर्यंत लांबतंय. व्हर्च्युअल मशीनच्या आत पाहिलं तर मागण्यांची ही रांग. बाहेरच्या यजमान मशीनवर पाहिलं तर आठही डिस्क निवांत. वर गर्दी आणि खाली शुकशुकाट. मधे कोणीतरी दार धरून उभं होतं. तीन दिवस आम्ही खालच्या थरांवर संशय घेतला. मी तर रेडच्या कोडमध्ये नसलेली चूक जवळजवळ सिद्धच करत आणली होती! दार धरलं होतं आतल्या सीएफक्यूने. आपल्याखाली एकच डिस्क, एकच हेड आहे असं समजून तो एका प्रोसेसची एक मागणी सोडी आणि तिच्या शेजारणीची वाट पाहत बसे. आठ डिस्कना एका वेळी एकच काम मिळत होतं. आतल्या मशीनचा शेड्यूलर बदलून ‘नूप’ केला, म्हणजे जोडण्यापलीकडे फारसं काही न करणारा. एका ओळीचा बदल. रात्रीचं काम रात्रीत संपू लागलं.

सीएफक्यू चुकीचा नव्हता. चुकीच्या मजल्यावर बसला होता. क्रम लावायचा तो ज्याला हेड दिसतं त्याने, निदान त्याच्या सर्वांत जवळच्याने. साटा डिस्कला एनसीक्यू या तिच्या स्वतःच्या रांगेमुळे एकदम ३२ मागण्या हाती मिळतात, आणि आपलं हेड कुठे आहे, कोणता खराब सेक्टर कुठे हलवलाय, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. वरच्या थराने मागणी नीट तोडावी किंवा जोडावी, मुदत आणि महत्त्व खाली कळवावं, आणि बाजूला व्हावं. पण रांग असते पोटमाळ्यासारखी: ठेवायला सोपी, रिकामी करायला कोणी धजत नाही. लिनक्सच्या डीएम-क्रिप्ट या सांकेतिकीकरणाच्या थरात वर्षानुवर्षं रांगा साचत गेल्या, प्रत्येक त्या त्या वेळी योग्य कारणासाठी. क्लाउडफ्लेअरच्या अभियंत्यांनी त्या ओलांडून पाहिल्या तेव्हा वेगवान एसएसडीवर वेग जवळपास दुप्पट झाला. ती सोय २०२० मध्ये ५.९ कर्नलमध्ये आली.

सीएफक्यू आणि त्याच्या खालची जुनी एक-रांगी रचना २०१९ च्या ५.० कर्नलमधून काढून टाकली. आता एनव्हीएमई उपकरण जोडलं, तर शेड्यूलरच्या फाइलमध्ये बहुधा ‘नन’, म्हणजे कोणताच शेड्यूलर नाही, हा शब्द चौकटी कंसात दिसतो. माझ्या घरी बॅकअपसाठी ठेवलेल्या जुन्या फिरत्या डिस्कवर मात्र अजून डेडलाइनच आहे.