साठ दिवसांची नोटीस

1956 साली नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात राज्य सरकारने एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी 1954 साली नेमलेल्या समितीचा तो अहवाल. समितीचे अध्यक्ष होते डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. ज्यांचे मुख्य काम धर्मांतर घडवणे हेच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, पूर्णपणे स्वेच्छेने न झालेले धर्मांतर कायद्याने बंद करावे, धर्मप्रसाराचा हक्क फक्त भारतीय नागरिकांपुरता ठेवावा, अशा शिफारशी त्यात होत्या. पुढच्या सत्तर वर्षांत देशात जे जे धर्मांतरविरोधी कायदे झाले, त्यांच्या मुळाशी हा अहवाल आहे.

तीनच महिन्यांनी, 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी त्याच नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसांत नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये डॉ. नियोगी हेही होते.

ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. नियोगींची विसंगती दाखवावी म्हणून मी ती सांगत नाही. परदेशी पैशाचे ओघ आणि आदिवासी भागातल्या मिशनच्या शाळा-दवाखाने याबद्दल समितीला शंका वाटत होत्या, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात त्या वाटणे समजण्यासारखे आहे. पण स्वतःच्या बाबतीत या विद्वान न्यायाधीशाला हे पक्के ठाऊक होते की आपला धर्म कोणता हे आपण ठरवायचे. त्यासाठी त्यांना कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो माणसांनाही करावा लागला नाही. बाबासाहेबांनी पुढे उभे राहून बावीस प्रतिज्ञा सांगितल्या आणि लोकांनी त्या मागोमाग म्हटल्या.

आज तोच सोहळा उत्तर प्रदेशात करायचा म्हटला तर? तिथल्या 2021 च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवे. दीक्षा देणाऱ्याने एक महिना आधी वेगळी नोटीस द्यायला हवी. मग धर्मांतरामागचा खरा हेतू काय, याची पोलीस चौकशी करणार. धर्म बदलून झाल्यावर पुन्हा साठ दिवसांच्या आत दुसरे घोषणापत्र: जन्मतारीख, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आधीचा धर्म, नवा धर्म, कुठे आणि कोणत्या विधीने बदलला. ते घोषणापत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर लागणार आणि माणसाने एकवीस दिवसांच्या आत स्वतः हजर राहून त्याची खातरजमा करून द्यायची. गुन्हा नोंदला गेलाच तर धर्मांतर सक्तीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. मात्र लगतच्या पूर्वीच्या धर्मात परत येणे हे या कायद्याच्या लेखी धर्मांतरच नाही.

नोटीस बोर्ड हा शब्द वाचायला निरुपद्रवी वाटतो. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी विवाह नोंदणी कार्यालयाबाहेरचा असा बोर्ड पाहिला आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची तीस दिवसांची नोटीस तिथे लागते. जाळीचे दार, छोटे कुलूप, आत टाचणीने लावलेले कागद, त्यांवर मुलामुलींचे फोटो आणि घरचे पत्ते. मी माझ्या कामासाठी बाकावर बसलो होतो. एक तरुण आला, त्याने एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि जिन्यातच थांबून कुणाला तरी फोन लावून पत्ते वाचून दाखवू लागला. त्याला कुणी हटकले नाही. हटकणार तरी कसे? नोटीस लावलीच होती ती लोकांनी वाचावी म्हणून. धर्मांतराच्या कायद्यातली ‘प्रसिद्धी’ म्हणजे काय, हे मला त्या जिन्यात कळले.

घटनेच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. यातल्या ‘प्रसार’ या शब्दावर 6 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत कडाक्याची चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांना तो शब्द नको होता. कन्हैयालाल मुन्शींनी तो ठेवण्याची बाजू घेतली. ख्रिस्ती समाज या शब्दाला फार महत्त्व देतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रसार हा श्रद्धेचाच भाग आहे, असे त्यांनी समितीला सांगितले. याच ख्रिस्ती समाजाच्या नेत्यांनी स्वतःसाठी राखीव मतदारसंघ नकोत अशी भूमिका घेतली होती. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती, आणि अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने उभे राहिलेले. राजकीय आरक्षण सोडून या समाजाने एक शब्द जपला.

त्या शब्दाचे पुढे काय झाले? ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्य या नावाने कायदे केले. ओडिशा उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा रद्द ठरवला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा वैध ठरवला. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. 1977 च्या जानेवारीत, स्टॅनिस्लॉस खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, पाच न्यायमूर्तींनी दोन्ही कायदे ग्राह्य धरले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईचे थोर घटनातज्ज्ञ होरमसजी सिरवई यांनी आपल्या ग्रंथात हा निकाल सरळसरळ चुकीचा ठरवला. मला त्यांचे म्हणणे पटते. समजावून सांगितलेले ऐकणाऱ्याला पटले आणि त्याने धर्म बदलला, तर तो हक्क सांगणाऱ्याचा नसेलही. पण ज्याने बदलला त्याचा तर आहे ना? आपल्या सगळ्या चर्चेत धर्म देणारा दिसतो, धर्म घेणारा दिसतच नाही. तो भोळा, भुकेला, फसवला गेलेला, असे आधीच गृहीत धरलेले असते.

फसवणूक आणि सक्ती होतच नाही असे मी म्हणणार नाही, आणि मराठी माणसाने तर म्हणूच नये. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन चालले. देवळे पाडली गेली, कुटुंबे देव घेऊन नदीपार गेली. मंगेशी आणि शांतादुर्गा आज जिथे आहेत तिथे का आहेत, हे गोव्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. ती जखम खरी आहे. पण ती सक्ती कुणी केली? पोर्तुगीज राजसत्तेने. प्रजेने कोणत्या देवाला हात जोडावेत हे सरकारने ठरवले, अन्याय तिथे होता. त्याच इतिहासाचा दाखला देऊन आज पुन्हा सरकारी अधिकाऱ्यालाच माणसाच्या श्रद्धेची चौकशी करायला बसवायचे, हे मला कळत नाही. धमकी देणे, फसवून पैसे उकळणे हे साध्या फौजदारी कायद्याखालीही गुन्हेच आहेत. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हासुद्धा जुन्या दंड संहितेच्या कलम 508 प्रमाणे गुन्हा होता.

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 साली तिथल्या कायद्यातली तीस दिवसांच्या नोटिशीची अट रद्द केली. माणसाला आपल्या श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचा अधिकार आहे, हे त्यामागचे कारण. पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही हिमाचलने 2019 मध्ये नवा कायदा करून नोटीस परत आणली. आपल्या महाराष्ट्रातही या विषयावरच्या कायद्याचा विचार करण्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशी समिती पोलिसांच्या हाती द्यावी, यातच सरकार या प्रश्नाकडे कसे पाहते ते दिसते. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांपुरते राहणार नाही. गुजरात सरकारने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. दीक्षाभूमीच्या गावी राहणाऱ्यांनी ते परिपत्रक जरूर वाचावे.

धर्मांतराने घरे दुखावतात, हेही खरे. मराठीत याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’एवढी कुठे नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मागे बायको, मूल, सोवळ्यातले सासर-माहेर. लक्ष्मीबाईंनी ते दुःख मुळीच झाकलेले नाही. त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग त्याच्याजवळ येऊन आपला धर्म सांभाळत राहिल्या, आणि 1900 साली, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाल्या. त्या काळात त्यांचे मन किती वळणे घेत गेले हे पुस्तकात पानोपानी दिसते. आता या बाईला आजचा कायदा लावून पाहा. तिच्या भावाला तक्रार करता आली असती. हवालदाराने दारात येऊन विचारले असते, बाई, खरे कारण काय? नवऱ्याने सांगितले म्हणून? लक्ष्मीबाईंनी काय उत्तर दिले असते कोण जाणे. पाच वर्षे मनात चाललेली ती घालमेल पंचनाम्यात कशी लिहिणार?

इथवर धर्म बदलण्याचा प्रश्न झाला. बदलून झाल्यावरचा प्रश्न मला याहून जिव्हारी लागतो. मद्रासमध्ये गांधी-आयर्विन पुलाच्या दक्षिण टोकाला रस्त्याच्या कडेला एक चांभार बसायचा. आदि-द्रविड जातीतला, ख्रिस्ती झालेला. 1982 मध्ये सरकारने तिथल्या रस्त्यावरच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. याला मिळाली नाही, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो आता अनुसूचित जातीचा नव्हता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 मध्ये न्यायालयाने सांगितले की ख्रिस्ती समाजातही त्याच्या जातीचे भोग तितकेच तीव्र उरले आहेत हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. तीच आरी, तेच कातडे, तोच पदपथ. शेजारच्याच्या डोक्यावर छप्पर आले आणि हा उन्हात राहिला.

तो 1950 चा आदेश मूळचा, काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंसाठी होता. 1956 मध्ये सगळे शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणजे महाराष्ट्रातल्या नवबौद्धांनी या अन्यायाचा केंद्र पातळीवर चौतीस वर्षे अनुभव घेतला आहे. देव बदलला म्हणून गावाची नजर बदलत नाही, हे त्यांनी कंठशोष करून सांगितले आणि अखेर संसदेने ते मान्य केले. दलित ख्रिस्ती माणूस नेमके तेच सांगतो. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा असे सुचवले, ते बाजूला पडले. 2022 मध्ये याच प्रश्नासाठी के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. अशा माणसाला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. शिवी देणारा मात्र त्याचा दाखला बघून शिवी देत नाही.

शेवटी छत्तीसगडमधल्या बस्तरबद्दल लिहायलाच हवे. तिथल्या छिंदवाडा गावात महारा जातीच्या एका कुटुंबातले पाद्री 7 जानेवारी 2025 रोजी वारले. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती धर्म. गावाच्या स्मशानात ख्रिस्ती लोकांचा एक भाग पूर्वापार होता आणि घरातली आधीची माणसे तिथेच पुरलेली होती. गावकऱ्यांनी या वेळी विरोध केला. मग कुटुंब म्हणाले, आमच्या स्वतःच्या शेतात पुरतो. गावकरी तेही नको म्हणाले. देह जगदलपूरच्या शवागारात ठेवला. उच्च न्यायालयाने नकार दिला, मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला.

27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या आणि पोलीस संरक्षण द्या. न्या. सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच न्या. मतभेद झाल्यावर प्रकरण मोठ्या पीठाकडे जायचे, पण देह वीस दिवस पडून होता. म्हणून दोघांनी मिळून, घटनेच्या 142 व्या कलमाचा आधार घेत, दफन करकापाल गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्याचा आदेश दिला. करकापाल तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. त्या पाद्र्यांच्या वडिलांची कबर छिंदवाड्यातच आहे.