जळूचं देणं

नीतिशास्त्र हा विषय आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. होती ती अकाउंटन्सी, आणि तिच्यात पाप-पुण्याचा निकाल फार सोप्या रीतीनं लागतो. येईल ते जमेला, जाईल ते नावे. दोन्ही बाजू जुळल्या की माणूस सज्जन, नाही जुळल्या की चौकशी. पण समजा, एखाद्यानं तुमच्या खात्यातून स्लिप न भरता, सही न करता, तुम्हाला पत्ता लागू न देता काही काढून नेलं. आणि खातं म्हणजे काय हेच त्या बिचाऱ्याला ठाऊक नसलं, तर त्याला चोर म्हणायचं का? आमच्या क्रमिक पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मला हा प्रश्न वासोट्याच्या वाटेवर पडला. पडला म्हणजे पोटरीला चिकटला.

वासोटा सातारा जिल्ह्यात. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडायचा, पलीकडे कोयना अभयारण्यात उतरायचं, वनखात्याची फी भरायची, दाट झाडीतून गड चढायचा आणि उजेड आहे तोवर परत फिरायचं. मुक्कामाला बंदी. पावसाळ्यात ही वाट बंद असते. पाऊस ओसरला की ती उघडते, आणि उघडल्या उघडल्या धावणारे जे उतावळे, त्यांत आमची शाखा. पाऊस गेलेला असतो, पण ओल गेलेली नसते, हे उतावळ्यांना कुणी सांगत नाही.

गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड. २०१० पासून हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे आमच्या हेडकॅशियरांनी वाघाची जय्यत तयारी केली होती: काठी, शिट्टी, बॅटरी आणि खिशात रक्तगट लिहिलेलं कार्ड. वाघ काही आला नाही. रक्तगटाची चौकशी मात्र झाली.

जळू दिसायला अगदी मामुली. दोऱ्याएवढी, मातकट, पानाच्या टोकावर उभी राहून हवेत डोकं हलवत असते. आमच्या काउंटरबाहेर टोकन घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक असतो तशी. तुमच्या पायांची ऊब आणि जमिनीची थरथर तिला कळते. मग ती मोज्यातून आत शिरते, आणि तुम्हाला काहीही कळत नाही. चावा दुखतच नाही. दुखतं ते नंतर, मोजा लाल झालेला पाहून. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, हे १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं. म्हणून जळू गेली तरी रक्त वाहत राहतं. खातं बंद झालं तरी चार्जेस चालूच! आपल्या सुश्रुतानं तर जळवांचे १२ प्रकार सांगून ठेवलेत, ६ विषारी आणि ६ निर्विष. आमच्या हेडकॅशियरांच्या पायाला तेरावा होता असं त्यांचं म्हणणं.

"चोरी आहे ही सरळसरळ!" ते कडाडले.

"कर्ज म्हणा, साहेब," आमच्या कर्जविभागातला पोरगा म्हणाला, "बुडीत खात्यातलं."

आमच्याबरोबर लाँचवाले एक मामा वाट दाखवायला आले होते. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, जळू गळून पडली. हेडकॅशियरांनी बूट उचलला. मामांनी हात आडवा घातला.

"सायेब, तिला काय ठावं तुमी रजेवर आलाय ते? आन् मारून रगात माघारी येतंय व्हय?"

आता बघा, एका वाक्यात दोन सिद्धान्त. पहिला असा, की ज्याला मालकी कळत नाही त्याच्याकडून चोरी होत नाही. जळूच्या दृष्टीनं तुम्ही अमुक बँकेतले कर्मचारी नसून चालत आलेला डबा आहात. दुसरा असा, की वसुली होणार नसेल तर शिक्षा हा नुसता आपला राग असतो. बूट खाली आला. जळू पानाखाली गेली.

परतीच्या वाटेवर लाँचमध्ये मी सहज विचारलं, "मामा, तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. "हितंच. लाँच चाललीय न्हवं, आमच्या शिवारावरनं."

कोयनेचं धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. काही माणसं लांब उठून गेली, काही वर सरकली. मग १९८५ साली अभयारण्य झालं, आणि वर सरकलेल्यांतल्याही काहींना पुन्हा हलावं लागलं. इथलं पाणी घाटाखाली सोडून १,९०० मेगावॅटहून अधिक क्षमतेची वीजकेंद्रं चालतात. आमच्या शाखेतले पंखे, दिवे, नोटा मोजायचं यंत्र यांतलं काय काय त्या शिवारावर फिरतं, हे कुठल्याच लेजरात सापडत नाही. आणि आम्हाला ते दुखतही नाही. अगदी जळूच्या चाव्यासारखं. फक्त पाय दुसऱ्याचा.

इथे माझी अकाउंटन्सी अडली. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. अंधारात बसून तसं म्हणायची माझी तयारी नाही. पण जळूला सोडून द्यायला जी सबब पुरली, तिला ठाऊक नाही ही, ती आपल्याला कशी पुरावी? आपल्याला वाचता येतं, मोजता येतं, विचारता येतं. जळूनं विचारलं नाही तर ती जळू. माणसानं विचारलं नाही तर तो काय, याला शब्द मराठीत आहे, पण तो मी लिहीत नाही. फिटणारं नसलं तरी देणं नावे मांडून ठेवावं, खोडू नये, एवढं तरी कारकुनाला जमायला हवं.

हेडकॅशियरांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते ती चोरीच. फक्त हल्ली वीज गेली की ते पूर्वीइतके ओरडत नाहीत. पायाची खूण बघतात आणि गप्प बसतात.